लवेवरून रंग सांगण्याआधी

प्रिय भाचीस,



तू पाठवलेले पिल्लांचे फोटो मोबाइलवर पाहिले. उत्तर मात्र कागदावर लिहिते आहे, म्हणजे ते ब्रूडरच्या खोलीत टांगून ठेवता येईल आणि पिल्लू हातात घेऊन एकेक गोष्ट ताडून पाहता येईल. तू विचारतेस की मशीनमधून पिल्लं निघाली की त्याच दिवशी गिऱ्हाईक दारात उभं राहतं आणि म्हणतं, ‘ही मोठेपणी काळी होणार, तांबडी होणार की कबरी?’ त्याला काय सांगायचं? आणि तुझ्या मनात असंही आहे की लवेच्या रंगावरून पिल्लांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाचा भाव वेगळा लावावा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लव वाचता येते. काही पिल्लांत ती इतकं पक्कं सांगते की नर-मादीसुद्धा पहिल्या दिवशी ओळखता येतात. पण हे पक्केपण आई-बाप ठाऊक असलेल्या पिल्लांपुरतंच आहे. आई-बाप ठाऊक नसतील तर त्याच लवेतून तीन-चार वेगवेगळे रंग निघू शकतात, आणि त्यांतला एक निवडून गिऱ्हाइकाला सांगितलास तर जोखीम त्याच्या पैशाची असते, तुझ्या नव्हे. कुणी नवसासाठी एका ठरावीक रंगाचा कोंबडा मागतो, कुणी काळी तलंग म्हणून जास्त पैसे मोजतो, आणि पाच-सहा महिने दाणे घातल्यावर त्याला खरं काय ते कळतं. म्हणून क्रम असा ठेव: आधी आई-बाप, मग लव, मग तीन महिन्यांची पिसं. भाव ठरवायचा तोही याच क्रमाने.

लव आणि पीस यांचं नातं समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. त्वचेतल्या ज्या खोबणीतून आज लव आली आहे, तिथूनच पुढे पीस येतं. नवं पीस खालून वाढतं आणि लवेला पुढे ढकलतं. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या नव्या पिसांच्या टोकांना लवेचे झुपके चिकटलेले दिसतात ते यामुळेच. रंग तयार करणाऱ्या पेशी अंड्यातच, गर्भाच्या पाठीकडून निघून अंगभर पसरतात आणि एकेका खोबणीत वस्ती करतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात, आणि तेही दोनच प्रकारचं. एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. कोंबडीच्या पिसांतला काळा, तांबडा, बदामी, राखी, पांढरा हा सगळा पसारा या दोन द्रव्यांच्या मिश्रणातून, कमी-जास्तीतून आणि अभावातून उभा राहतो.

मात्र खोबण एकच असली तरी लव बनताना चालणारे जनुकांचे हुकूम आणि पुढे पीस बनताना चालणारे हुकूम वेगळे असू शकतात. पिल्लाला आईमागे धावत पाचोळ्यात लपायचं असतं. मोठ्या कोंबड्याला माद्यांच्या नजरेत भरायचं असतं आणि दुसऱ्या नरापुढे छाती काढायची असते. दोघांच्या गरजा निराळ्या, म्हणून पोशाखही निराळे. ठाण्याच्या खाडीत आणि उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पाहिलेस ना? त्यांची पिल्लं करड्या लवेची असतात आणि गुलाबीपणा कितीतरी उशिरा चढतो. तो रंग त्यांना अन्नातून मिळतो. कोंबडीच्या पिसांचं तसं नाही. तिच्या पायांचा आणि बलकाचा पिवळेपणा खाण्यातून येतो, अंडी घालायला लागल्यावर पिवळे पाय फिके पडतात तेही त्यामुळेच. पण पिसाचा काळा-तांबडा रंग तिच्या शरीरातच घडतो. पिसांचा रंग बदलून देण्याची हमी देणारी पूड कुणी विकायला आणली तर तिच्यावर एक पैसाही घालवू नकोस.

आता तुझी पिल्लं घेऊ. आधी काळी. तू काळजीने लिहिलं आहेस की ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प म्हणून घेतलेल्या अंड्यांतून पोट पांढरं असलेली पिल्लं निघाली, म्हणजे फसवणूक झाली का? अजिबात नाही. पुढे पूर्ण काळ्या होणाऱ्या जातींची पिल्लं बहुतेक अशीच असतात. पाठ काळी, गळा, पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी. पंखांची पहिली काही पिसंसुद्धा पांढरी येतात, आणि पिसं बदलत गेली की तो पांढरेपणा निघून जातो. ही पिल्लं ‘भेसळीची’ म्हणून बाजूला काढलीस तर चांगला माल स्वस्तात जाईल. संशय घ्यायचा तो वेगळ्या खुणांवर: डोक्यावर मधोमध पांढरा किंवा पिवळा ठिपका, काळ्या लवेत डोक्याकडे तपकिरी झाक, पाठीवर पुसट पट्टे. तपकिरी झाक असलेल्या पिल्लांच्या मानेवर पुढे सोनेरी किंवा तांबूस पिसं येण्याचा संभव मोठा. ठिपक्याचं खाली सविस्तर सांगते, कारण तो सगळ्यांत जास्त बोलतो.

पिवळी पिल्लं सर्वांत फसवी. लोक समजतात, पिवळं पिल्लू म्हणजे पांढरी कोंबडी. लेगहॉर्नच्या बाबतीत ते खरं आहे. तिच्यात पांढरेपणाचं प्रभावी जनुक असतं आणि ते काळ्या रंगद्रव्याला जवळजवळ पुरतं दाबतं. तांबड्यावर त्याचा जोर कमी चालतो, म्हणून लेगहॉर्नचा कोंबडा तांबड्या कोंबडीवर सोडला तर पांढऱ्या संततीच्या छातीवर-पाठीवर तांबूस छटा डोकावते. दुसरा पांढरेपणा अप्रभावी प्रकारचा, पांढऱ्या प्लायमाउथ रॉकमध्ये असतो तो. त्या पिल्लांच्या लवेत कधी धुरकट करडी झाक दिसते आणि तरी मोठेपणी कोंबडी पांढरीशुभ्र होते. हा दुसरा प्रकार तुझ्या कळपात लपलेलाही असू शकेल. आई-बाप दोघेही रंगीत, पण दोघांच्याही रक्तात हे जनुक सुप्त असेल, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू पांढरं निघतं. अशा वेळी अंडी बदलली गेली, कुणी लबाडी केली, असा आळ कुणावर घेऊ नकोस.

पिवळ्या लवेच्या आणखी वाटा आहेत. लाइट ससेक्सचं पिवळं पिल्लू मोठेपणी पांढऱ्या अंगाचं, पण काळ्या रेघांच्या मानेचं आणि काळ्या शेपटीचं होतं. बदामी रंगाच्या जातींची पिल्लंही पिवळीच असतात. आणि जिची ओळख तुला झालीच पाहिजे ती गव्हाळी. या प्रकारात पिल्लू मलईसारखं फिकट पिवळं असतं, पाठीवर फार तर एखादी पुसट रेघ. मादी मोठी होते ती गव्हाच्या रंगाची, आणि तिच्याच पाठचा भाऊ होतो काळ्या छातीचा, तांबड्या मानेचा झगझगीत कोंबडा. असील आणि मलय या लढाऊ वळणाच्या जातींत हा प्रकार बराच दिसतो. त्यांचं रक्त तुमच्याकडच्या कळपांत असेल, तर पिवळं पिल्लू ‘पांढऱ्याचं’ म्हणून विकलंस आणि त्याचा काळा-तांबडा कोंबडा झाला, तर गिऱ्हाईक तुझ्याकडेच येऊन बोलेल, आणि त्याचं बोलणं रास्त असेल.

यानंतर पाठीवर गडद पट्टे असलेली तपकिरी पिल्लं. डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद गडद पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना फिकट रेघा, आणि डोळ्यामागे काजळाची रेघ. खारीच्या पाठीची आठवण व्हावी असं हे रूप मूळचं लाल रानकोंबड्याचं, म्हणजे पाळीव कोंबडीच्या मुख्य पूर्वजाचं. शुद्ध रक्तात याचा निकाल ठरलेला असतो. कोंबडा काळ्या छातीचा, तांबड्या-सोनेरी मानेचा आणि पाठीचा. कोंबडी तपकिरी अंगाची, विटकरी छातीची. आपल्या सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा ही वेगळी जात आहे. पण त्याचंही देणं आपल्या खुराड्यात आहे. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते या राखी रानकोंबड्याकडून आल्याचं उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २००८ साली दाखवलं. पाय आणि पीस यांचे रंग वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात, याचा हा चांगला पुरावा आहे. पायांवरून पिसांचा अंदाज बांधू नकोस.

आता तो ठिपका. बार्ड प्लायमाउथ रॉक ही काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी तू पाहिली आहेस. तिचं पिल्लू काळं असतं आणि डोक्यावर फिकट ठिपका असतो. पिसांवर आडवे पट्टे उमटवणारं जनुक लिंगगुणसूत्रावर बसलेलं आहे. माणसाच्या उलट, पक्ष्यांत नराकडे दोन सारखी लिंगगुणसूत्रं असतात. त्यांना झेड म्हणतात. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे मुलीला तिचं एकुलतं झेड बापाकडूनच मिळतं, आणि आईचं झेड फक्त मुलग्यांकडे जातं. एवढं एक सूत्र पाठ कर, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा घे आणि बार्ड रॉकच्या कोंबड्या घे. आईचं पट्ट्यांचं जनुक फक्त मुलग्यांना मिळेल. मुलगे निघतील काळे, डोक्यावर फिकट ठिपका घेऊन, आणि मोठेपणी पट्टेरी होतील. मुलींना बापाकडून पट्ट्यांचं जनुक मिळत नाही. त्या बिनठिपक्याच्या काळ्या निघतील आणि मोठ्या होऊन काळ्याच राहतील, मानेवर-छातीवर थोडा तांबूस रंग घेऊन. म्हणजे एका दिवसाच्या पिल्लाच्या डोक्यावर पाहून तू त्याचा रंगही सांगशील आणि लिंगही. पण जोडी उलटी केलीस, कोंबडा बार्ड आणि कोंबड्या तांबड्या घेतल्यास, तर मुलगे-मुली सगळीच ठिपक्याची निघतील आणि ही खूण निकामी होईल. जाती त्याच, पिल्लं काळीच, फक्त आई-बापांच्या जागा बदलल्या आणि लवेचा अर्थ बदलला. आई-बाप आधी विचार, हे मी वरती का लिहिलं ते इथे तुला दिसेल.

दुसरी अशीच जोडी सोनेरी आणि रुपेरी रंगाची. रुपेरीचं जनुक सोनेरीवर प्रभावी आहे आणि तेही झेडवरच आहे. तांबडा, म्हणजे सोनेरी गटातला कोंबडा आणि लाइट ससेक्ससारख्या रुपेरी गटातल्या कोंबड्या एकत्र ठेवल्या, तर मुलगे फिकट पिवळे आणि मुली तांबूस-बदामी निघतात. जगभर तपकिरी अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या व्यापारी कोंबड्या याच तत्त्वावर पैदा केल्या जातात, आणि हॅचरीत माद्या-नर रंगावरून वेगळे होतात. मात्र आईच्या जागी पांढरी लेगहॉर्न ठेवून हे साधणार नाही. तिचा प्रभावी पांढरेपणा सगळ्या खुणा झाकून टाकतो. म्हणूनच पांढऱ्या लेगहॉर्नच्या हॅचरीत लवेकडे न पाहता पंखांच्या पिसांची लांबी पाहतात, नाहीतर गुदद्वार तपासून लिंग ओळखतात. गुदद्वाराची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात बसवली. ती शिकायला हात फार तयार व्हावा लागतो, आणि नवख्या हातात पिल्लाला इजा होते. तू ती करू नकोस.

ही विद्या कशी घडली तेही तुला ठाऊक असावं, म्हणजे ती ऐकीव खुणांची गाठोडी वाटणार नाही. मेंडेलने वाटाण्यात शोधलेले नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसनने १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांचे आकार मोजून दाखवलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात धान्याचा तुटवडा होता. नको असलेल्या नरांना महिनोन्महिने दाणा घालण्यापेक्षा पिल्लांचं लिंग रंगावरून लवकर ओळखता येईल, हे तिथे रेजिनल्ड पनेटने सुचवलं. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजला पनेट आणि मायकेल पीज यांनी सोनेरी कँपाइन आणि बार्ड रॉक यांच्या रक्तातून कॅम्बार नावाची जात तयार केली. तिचं वैशिष्ट्य असं की दर वेळी वेगळ्या जातींचा संकर करावा लागत नाही. जातीतल्या जातीतच नर-माद्यांची लव वेगळी निघते. नराकडे पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन प्रती असल्याने त्याची लव फिकट, धुवून काढल्यासारखी. मादीकडे एकच प्रत असल्याने तिची लव गडद आणि रेघा ठसठशीत. या लोकांनी कळप वेगळे ठेवले, कुणाचं पिल्लू कोणतं ते लिहून ठेवलं, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत वाट पाहिली. तुला करायचं आहे तेही एवढंच आहे.

राखी पिल्लांबद्दल थोडक्यात. फिकट निळसर-राखी कोंबड्यांना बाजारात मागणी आहे, म्हणून तू दोन राखी पक्षी जोडीला लावणार आहेस. या रंगाचा नमुना म्हणजे अँडलूशियन कोंबडी. राखी रंग काळ्याला सौम्य करणाऱ्या एका जनुकाच्या एकाच प्रतीने येतो. दोन राखी पक्ष्यांच्या संततीत सरासरी एक चतुर्थांश काळी, निम्मी राखी, आणि एक चतुर्थांश मळकट पांढरी, अंगावर निळसर-काळे शिंतोडे असलेली निघतात. लवेवरही हे दिसतं: काळी काळी, राखी राखी, आणि शिंतोड्याची फिकट पिवळट-पांढरी. सगळीच राखी हवी असतील तर काळा पक्षी आणि शिंतोड्याचा पक्षी जोडीला लाव. आई-बापांपैकी एकही राखी नसताना सगळी संतती राखी होईल.

कडकनाथाबद्दल मात्र मी जरा कडकपणे लिहिते, कारण तिथे पैसा मोठा आहे आणि फसणारा माणूस बहुधा कर्ज काढून आलेला असतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची एक दिवसाची पिल्लं निळसर ते काळी असतात, पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. मोठेपणी पिसं निळसर काळ्यापासून रुपेरी आणि सोनेरी ठिपक्यांपर्यंत बदलतात. म्हणजे काळी लव हा कडकनाथचा पुरावा होत नाही, आणि मानेवर सोनेरी पीस आलं म्हणून तो खोटाही ठरत नाही. त्याची खरी ओळख त्वचेत, तुऱ्यात, जिभेत, मांसात आणि हाडांच्या आवरणात आहे. तो काळेपणा पिसांच्या रंगाहून अगदी वेगळ्या कारणाने येतो: विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो आणि त्यामुळे रंगपेशी शरीराच्या आतपर्यंत पसरतात. पांढऱ्याशुभ्र, रेशमी पिसांची सिल्की कोंबडी आतून काळीच असते, ती याच बदलामुळे.

पण त्वचा काळी दिसली म्हणजे पिल्लू शुद्ध, असंही समजू नकोस. हा काळेपणा प्रभावी आहे. एकाच बाजूने मिळाला तरी उतरतो. शिवाय त्याला आवर घालणारं एक जनुक झेडवर असतं. ते कोंबडीच्या बाजूने आलं तर फक्त मुलग्यांची त्वचा उजळते आणि मुली काळ्याच राहतात. म्हणजे एकाच जोडीचे मुलगे आणि मुली वेगळे दिसू शकतात. तेव्हा एखाद्या पिल्लाकडे बोट दाखवून ‘अस्सल कडकनाथ’ म्हणण्याचा हक्क तुला एकाच गोष्टीने मिळेल: त्याचे आई-बाप आणि त्यांचेही आई-बाप तुला माहीत असणं. ते माहीत नसेल तर तो शब्द उच्चारू नकोस, मग शेजारचा विक्रेता दुप्पट भाव घेत असला तरी.

आठवडी बाजारात टोपलीभर गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात ती तर लवेवर रंग चढवलेली असतात. बहुधा ती अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीला नको असलेली. दोन-तीन आठवड्यांत पिसं आली की रंग जातो आणि पांढरं पिल्लू उरतं, जगलं तर. लहान मुलं हट्ट करतात हे खरं, पण तू तुझ्या दारात असला व्यवहार होऊ देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. आपल्याकडे सरकारी उबवणी केंद्रांमधून ऱ्होड आयलंड रेड आणि ऑस्ट्रेलॉर्प वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत गेली. पुढे गिरिराज आणि वनराजा आले. त्यामुळे आज ज्याला आपण गावरान म्हणतो त्या कळपात पाच-सहा जातींचं रक्त मिसळलेलं असतं. गिरिराज, वनराजा हे मुळातच संकर आहेत. त्यांची अंडी उबवून त्यांच्यासारखीच पिल्लं मिळतील अशी आशा धरू नये. रंग आणि गुण दोन्ही विखुरतात. अशा मिसळलेल्या कळपाच्या पिल्लांबद्दल विचारलं तर एकच खरं उत्तर आहे: ‘रंगाची खात्री देता येत नाही.’ ते सांगायला बिलकुल संकोच करू नकोस.

खात्री मिळवायची असेल तर ती अशी मिळव. एक कोंबडा आणि त्याच्या कोंबड्या यांचं खुराडं वेगळं कर. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं, म्हणून जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे जाऊ दे आणि मगच उबवणीची अंडी गोळा कर. अंड्यावर पेन्सिलीने खुराड्याची खूण कर. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की लव पूर्ण वाळू दे, मग उजेडात प्रत्येक गटातल्या पिल्लांचे चार बाजूंनी फोटो काढ: डोकं, पाठ, पोट आणि उघडलेला पंख. पायात रंगीत कडी घाल आणि पाय वाढेल तशी ती बदल. वहीत बाप, आई, लवेचं वर्णन आणि कडीचा रंग लिही. पुढे सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्याच पक्ष्याचा पुन्हा फोटो काढ. सहा आठवड्यांचं पीस पाहून घाई करू नकोस, कारण नरांच्या मानेवरची आणि पाठीवरची टोकदार, चमकदार पिसं तीन महिन्यांच्या आसपास दिसू लागतात आणि तोवर बहीण-भाऊ बरेच सारखे दिसतात. एका जोडीच्या दोन-तीन उबवण्या अशा नोंदल्यास की त्या जोडीपुरतं तुझं भाकीत कुणाही पुस्तकापेक्षा विश्वासाचं होईल.

काही गोष्टी मात्र पहिल्या दिवशीच खात्रीने सांगता येतात, त्या आवर्जून सांग. मान पिसाशिवायची राहणार का, ते उघड्या मानेवरून दिसतं. पायांवर पिसं येणार का, ते नळीवरच्या लवेवरून दिसतं. पाच बोटं असतील तर ती मोजता येतात. तुरा एकेरी की गुलाबाच्या वळणाचा, हेही चोचीच्या वर नीट पाहिलं तर कळतं. आणि पिल्लू निरोगी आहे का हे तर दिसलंच पाहिजे: बेंबी सुकलेली, डोळे टपोरे, पाय सरळ, गुदद्वार स्वच्छ. मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी झाली का आणि मानमोडीची पुढची लस कधी द्यायची, हे बिलाच्या मागे लिहून देत जा. गिऱ्हाइकाचं नुकसान रंगाने जेवढं होईल त्याच्या कितीतरी पट ते मानमोडीने होतं. नवख्या माणसाला रंगापेक्षा या गोष्टींची जास्त गरज असते, आणि तो त्या विचारत नाही म्हणून तूच आपण होऊन सांगायच्या.

तुझ्या दरपत्रकाचं आता ठरवून टाकू. दोनच गट ठेव: आई-बाप नोंदलेली पिल्लं आणि मिसळीची पिल्लं. पहिल्या गटाला थोडा जास्त भाव लाव, कारण तिथे तुझी मेहनत आणि नोंद आहे, आणि वहीतलं पान गिऱ्हाइकाला उघडून दाखव. दुसऱ्या गटाचा भाव लव कोणतीही असली तरी एकच. बिलावर ‘काळी लव, पोट पांढरं’ असं आज डोळ्यांना दिसतं ते लिही. ‘काळी कोंबडी’ असं लिहू नकोस, जोवर तुझी वही तसं सांगत नाही. मोठ्या शब्दांत जाहिरात करणारे तुझ्या आसपास आहेत आणि पहिल्या वर्षी त्यांचा धंदा तुझ्यापेक्षा जोरात चालेल. पण पिल्लं घेणारा माणूस दर हंगामाला परत घेतो, आणि दुसऱ्या हंगामात तो कुठे जातो ते त्याच्या खुराड्यात मोठ्या झालेल्या पक्ष्यांवरून ठरतं.

ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा तुझ्याकडे आहेच. बार्ड रॉकच्या दोन-चार खात्रीच्या तलंगा मिळव आणि पहिलं वेगळं खुराडं त्यांचंच कर. ठिपका वाचायला शिकण्यासाठी त्याहून चांगली जोडी नाही. पहिल्या उबवणीच्या नोंदी मला पाठव, आपण दोघी बसून त्या तपासू.

तुझी,
मावशी